कापसाचा वैरी

समोर माणूस आला की दौलतमामा आधी त्याच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालायचे. जय भीम, ख्यालीखुशाली वगैरे सगळं नंतर. "आत काय हाय?" असं विचारायचे, आणि आत सुती बनियन निघालं की ते चिमटीत धरून असं ओढायचे की समोरचा दोन पावलं पुढे यायचा. शेलूबाजारच्या स्टँडवर एका काळीपिवळीच्या ड्रायव्हरचं बनियन त्यांनी असंच गळ्यापासून पोटापर्यंत फाडलं. ड्रायव्हरनं नाकावर ठोसा घातला. मामांनी त्याला जीपच्या बॉनेटवर आपटला, नाकाचं रक्त बाहीला पुसलं आणि वर म्हणाले, "कापूस घालून फिरते, अन् मलेच मारते!" माझं लेडीज टेलरिंगचं दुकान स्टँडच्या समोरच. हा सगळा तमाशा मी मशीनवर बसून पाहिला. या माणसाशी आपला संबंध येणार आहे असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच क्षणी शटर ओढून घेतलं असतं.

आमच्या भागात कापसाशी भांडण म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. शेतात कापूस, गादीत कापूस, दिव्यात कापूस, आणि माणूस मेला की त्याच्या नाकातही कापूसच. पण मामांना तो डोळ्यांसमोर नको असे. लग्नात कोणी सुती टॉवेल-टोपी द्यायला गेलं तर ते भिरकावून देत. एकदा पाहुणे म्हणून गेलेल्या घरची रजई त्यांनी अंगणात फेकली आणि पोतं पांघरून झोपले, हे मला त्या घरच्या सुनेनं सांगितलं होतं. तिनं ते हसत हसत सांगितलं, पण सासऱ्यांनी म्हणे त्यांच्या पाठीत लाकूड घातलं होतं.

मामा किन्हीराजा गावचे. तरुणपणी धक्का बांधायच्या कामावर मजूर म्हणून गुजरातच्या किनाऱ्याकडे गेले आणि तिकडेच राहिले. किनाऱ्याकिनाऱ्यानं शिडाच्या बोटी चालवायला शिकवणारं एक केंद्र होतं. तिथे त्यांनी आधी बोटी धुतल्या, मग दोर ओढले आणि शेवटी ते तांडेल झाले, म्हणजे बोटीचे कारभारी. आमच्या जिल्ह्यात समुद्र तर सोडाच, नदीसुद्धा बारा महिने वाहत नाही, आणि हा माणूस वाऱ्यावर बोटी चालवायचा! साठी उलटल्यावर गावी परतले, तरी दर हिवाळ्यात पोहण्यात तरबेज असा एखादा जवान गडी हेरायचे आणि त्याला तिकडे कामाला लावून द्यायचे.

ते दिसले की आया आपल्या पोरांना घरात बोलवून घेत. त्याला कारण होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मामांनी आपल्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, मिलिंद, असाच सोबत नेला होता, आणि परत आणलं ते त्याचं प्रेत. तोंड सुजलेलं, समोरचा दात पडलेला, आणि आईनं पौषाच्या थंडीसाठी शिवून दिलेली कापसाची बंडी अंगावर नाही. बंडीसाठी मामानं भाच्याला मारलं, असं लोक तेव्हापासून बोलत. मामांनी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाही म्हटलं नाही. बहिणीनं, द्वारकामावशीनं, त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं होतं.

असे हे दौलतमामा एका दिवाळीनंतर माझ्या दुकानात शिरले. दोन बायका माप देत होत्या, त्या पदर सावरून बाहेर गेल्या.

"हे लेडीज टेलरिंग आहे," मी म्हणाले.

"मले वाचता येते. जेन्ट्सवाला ढगळं शिवते. मले बिलाऊजवानी आंगाले बसलं पाह्यजे. आतला थर आंगाले चिकटला नाई तं घाम बाहीर कसा जाईन?"

पिशवीतून त्यांनी तीन प्रकारची कापडं काढली. खेळाडूंच्या जर्सीचं पातळ कापड, लोकरीचं जाड कापड, आणि रेनकोटचं करकर वाजणारं. एकेकावर चापट मारत म्हणाले, "पयला घाम सोडते. दुसरा ऊब धरते. तिसरा वारा अडवते. अन् या तिघायच्या मधात कापसाचा एक धागा बी नोको. थंडी वाजायच्या आंधी चढवाचं, घाम याच्या आंधी उतरवाचं. समुद्रात मानूस बुडून कमी मरते, भिजून जास्त मरते."

"बरं. माप कोणाचं?"

"तुह्या भावाचं. सुमेधचं."

मी उठलेच. सुमेध माझा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. आईबाप गेल्यावर मीच त्याला वाढवला. तलावात पोहण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तिथेच मामांनी त्याला हेरलं होतं. पठ्ठ्यानं मला न विचारता परस्पर होकारही देऊन टाकला होता. मी तिन्ही कापडं उचलून रस्त्यावर फेकली. त्यावरून एक मोटारसायकल गेली. मामा सावकाश बाहेर गेले, कापडं झटकली आणि परत टेबलावर आणून ठेवली.

"बाई, तो येऊनच राह्यला. कपडे असन तं येईन, नसन तं बी येईन. नसन तं मरन. आता तू ठरव."

रात्री सुमेधशी कडाक्याचं भांडण झालं. मी त्याच्या थोबाडीत मारली, त्यानं ताट भिरकावलं. सकाळी तो म्हणाला, "ताई, तू नाही म्हटलं तं मी पळून जाईन." पळून गेला असताच, आमचं रक्तच तसलं आहे. मग मी कापडं बेतायला घेतली.

एकदा घेतल्यावर मात्र जीव ओतून शिवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो. नायलॉन, टेरिकॉट अंगाला चिकटतं, घामोळं उठतं. म्हणून इथला कोणताही टेलर असल्या कापडाला आतून मऊ सुती अस्तर लावतो. कोणाला सांगावं लागत नाही, हातालाच ती सवय असते. भावाच्या मानेला काचू नये, मनगटाला खुपू नये म्हणून मीही कॉलरला, कफांना आणि काखेत पांढरं सुती अस्तर लावलं. इतकं बारीक तुरपलं, की माझं मलाच कौतुक वाटलं.

मामा न्यायला आले. त्यांनी कॉलर उलटी केली आणि त्यांचा चेहराच बदलला. माझ्या टेबलावरची मोठी कात्री उचलून त्यांनी कॉलर कापली. मग कफ कापले, मग काख. आठ दिवसांचं काम माझ्या डोळ्यांदेखत चिंध्या होऊन खाली पडत होतं. दारात तीन गिऱ्हाइकं उभी होती. माझं डोकं फिरलं. मी लोखंडी गज उचलला आणि सगळा जीव एकवटून त्यांच्या खांद्यावर हाणला.

 मामांच्या हातातली कात्री सुटली, तोंड पांढरंफटक पडलं आणि ते खाली बसले. मी घाबरले, बायकांना घालवून दिलं आणि पाणी आणलं. त्यांनी शर्टाची गुंडी काढून दाखवलं. गळ्याजवळचं हाड पूर्वीच कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं, आणि मी नेमकं तिथेच मारलं होतं.

"हे कशानं झालं?"

"मिलिंदच्या मातीच्या दिवशी. त्याचा बाप अन् दोघं काके. बैलगाडीच्या उभाऱ्यायनं मारलं." मग त्यांनी खाली पडलेली अस्तराची एक चिंधी उचलली. "आज तुहे बी हात लागले. आता आयकच."

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या पौषात उत्तरेचा वारा सुटला होता. सकाळीच बोट पालथी झाली. दोघं तिच्या बुडावर चढून बसले. मामांच्या अंगावर जर्सी, लोकर आणि रेनकोट, तिन्ही थर होते. मिलिंदच्याही असायला हवे होते. पण त्या पोरानं लोकर काढून पिशवीत ठेवली होती आणि रेनकोटच्या आत लपवून आईची बंडी घातली होती. आमच्याकडे थंडीवर त्याहून मोठं औषध कोणाला ठाऊक आहे? घरच्या शेतातला कापूस, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला, आईच्या हातचे टाके. वाशीमच्या थंडीत ती बंडी घातली की माणूस भट्टीजवळ बसल्यासारखा ऊबदार. पण ती बंडी तिथे समुद्र प्याली.

"भरलेल्या पोत्यावानी जड झाली. दुपारपावतर त्याचं कापनं बंद झालं. मले वाटलं बरं वाटून राह्यलं. मंग तो बडबड कराले लागला. 'मामा, वावरात पानी सोडलं का?' दोन डाव घसरून पान्यात गेला, दोन डाव म्या केसाले धरून वर घेतला. म्हटलं बंडी काढ. तो काढू देईना. 'आईनं देली,' म्हने. म्या मारलं त्याले, बाई. तोंडावर मारलं. दात पडला, तरी त्यानं बंडी सोडली नाई. अन् बंडीले बंद असतात ना, गाठी मारलेले? भिजल्यावर त्या गाठी फुगल्या. चाकू पान्यात गेला व्हता. म्या दातानं तोडले ते बंद, एक एक. काढून फेकली अन् त्याले छातीशी धरलं. पन त्याच्यात काई उरलं नव्हतं. तिसऱ्या पहारी मच्छीवाल्याची बोट आली."

"मग हे सांगितलं का नाही कोणाला?" मी ओरडलेच. "पंचवीस वर्षं मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या!"

"काय सांगू? द्वारके, तुह्या बंडीनं तुहं पोरगं मारलं, असं सांगू? तिनं रात रात बसून टाके घातले व्हते." त्यांनी खांदा चोळला. "मले शिव्या देऊन ते जगून राह्यली ना? मंग देऊ दे."

उठताना त्यांनी माझा हात धरून मशीनच्या चाकावर दाबला आणि शपथ घ्यायला लावली. द्वारकी जिवंत असेतो हे तोंडातून काढायचं नाही. आता मामा नाहीत आणि द्वारकामावशीही या उन्हाळ्यात गेली, म्हणून लिहिते आहे.

मी तिन्ही कपडे नव्यानं शिवले. दोरासुद्धा नायलॉनचा वापरला. त्यानंतर मामांनी सुमेधला किन्हीराजाच्या बाजूच्या एका तलावावर नेलं. मीही गेले, विश्वास ठेवावा इतकी काही मी भोळी नव्हते. सकाळची वेळ, बोचरा वारा. मामांनी त्याला नवे कपडे दिलेच नाहीत. अंगावर त्याची रोजची जीन्स आणि सुती शर्ट तसाच ठेवला, वर माझा एक जुना सुती स्टोल कमरेला घट्ट गाठ मारून बांधला, आणि पाठीत लाथ घालून त्याला पाण्यात ढकललं. तो वर यायला लागला की पायानं परत ढकलायचे. मग बाहेर काढून तलावाच्या पाळीवर वाऱ्याच्या तोंडाला बसवला. त्याचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. मी धावले तर मामांनी मला कोपरानं मागे लोटलं.

"सोड गाठ," ते सुमेधला म्हणाले.

सुमेधची बोटं वळत नव्हती. गाठ सुटेना. मामांनी त्याच्या कानाखाली वाजवली. "सोड!" पुन्हा एक वाजवली. पोरगं रडायला लागलं, एवढा मोठा घोडा, तरी गाठ सुटली नाही. तेव्हा मामांनी चाकूनं स्टोल कापला, त्याचे ओले कपडे ओरबाडून काढले, त्याला कोरडा केला आणि एकावर एक तिन्ही थर चढवले. मग त्याला आपल्या दोन्ही हातांत आवळून धरलं. त्या वेळी मामांचं तोंड माझ्याकडे होतं. ते कोणाला धरून बसले आहेत हे मला कळत होतं, सुमेधला कळत नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मी पाळीवर बसून रडले.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी सुमेध दुकानात कपडे घालून पाहत होता. मामा मनगटाचे पट्टे ओढून बघत होते. तेवढ्यात दारात द्वारकामावशी. मावशी माझं जुनं गिऱ्हाईक, सुमेधला तिनं शेंबडा असल्यापासून पाहिलेला. भाऊ दिसला की एरवी ती रस्ता बदलायची, पण त्या दिवशी आत आली. मामांकडे पाठ करून तिनं पिशवीतून नवी कोरी बंडी काढली. कापूस भरलेली, टाके जवळजवळ, पुढे बांधायला चार बंद.

"सुमेध, बाबू, हे घाल. माह्या मिलिंदच्या मापाची शिवली. तो थंडीनं गेला. त्याच्या आंगावर नव्हती तवा. तुह्या आंगावर असू दे."

मी मामांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते. आणि सुमेध, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तो शिकवलेला धडा म्हणून मोकळा झाला. "मावशी, हे नाई चालत तिकडं. कापूस पानी पेते. आंगावर असला तं मानूस उलटा त्यानंच..."

मामांची थप्पड अशी बसली की सुमेध मशीनवर जाऊन आदळला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. मावशीनं हातातली बंडी उलटसुलट केली. कापसावरून अंगठा फिरवला.

"काय करते म्हनला कापूस?" तिनं विचारलं.  ती माझ्याकडे वळली. "सांग ना वं. माह्या मिलिंदच्या आंगावर..."

"मिलिंदच्या आंगावर बंडी नव्हती," मामा म्हणाले. पंचवीस वर्षांत तिच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. "म्या काढून घेतली व्हती. मले थंडी वाजून राह्यली व्हती. तो देत नव्हता, म्हनून मारलं त्याले. त्याच्या आंगावर बंडी असती तं तो वाचला असता."

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

मावशीनं पायातली चप्पल काढली. पहिला फटका तोंडावर, दुसरा तोंडावर. चप्पल तुटली तेव्हा तिनं माझा गज उचलला. मामांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. डोक्यावर, कानावर, त्या मोडक्या हाडावर, ती हाणत होती आणि प्रत्येक फटक्याला मुलाचं नाव घेत होती. भुवई फुटली, ओठ फाटला, रक्त माझ्या कटिंगच्या टेबलावर उडालं. रस्त्यावरची माणसं दारात जमली. कोणी अडवलं नाही, उलट एकानं बाहेरून, "हान, मावशी," म्हटलं. सुमेध पुढे झाला तर मीच त्याला मागे ओढलं. ती दमून खाली बसली तेव्हाच थांबली. मामा गर्दीतून वाट काढत निघून गेले. जाताना लोकांनी त्यांना लाथा मारल्या.

सुमेध दुसऱ्या दिवशी वाशीमहून गाडीत बसला. तिन्ही थर पिशवीत होते. बंडी माझ्याकडेच राहिली. त्यानं मला विचारलं, "ताई, मामानं खरंच असं केलं व्हतं? मंग मी कोनाच्या भरोशावर चाललो?" त्याला मी एवढंच सांगितलं, की त्यांनी जे जे शिकवलं ते अक्षरन् अक्षर पाळ. पाळतो आहे. आजपर्यंत दोनदा समुद्रात पडला आणि दोन्हीदा धडधाकट वर आला.

मामा त्यानंतर फारसे घराबाहेर पडले नाहीत. मी डबा घेऊन जायची. एकदा रागानं विचारलं, "एवढं खोटं कशाला बोललात? गप्प तरी राहायचं होतं." म्हणाले, "गप राह्यलो असतो तं ते इचार करत बसली असती. आता तिले इचार कराचं काम नाई."

पुढच्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. मातीला माणसं जेमतेम पंधरा. प्रेतावर पांढरं कापड घातलं होतं, त्रिशरण-पंचशील म्हणून झालं होतं आणि आता उचलायचं, तेवढ्यात द्वारकामावशी आली.  एकजण पुढे होऊन तिला अडवू लागला, त्याला वाटलं ही प्रेतालाही मारते की काय. ती त्याला बाजूला सारून उशाशी बसली. मामांच्या तोंडावरचं कापड तिनं दूर केलं. भुवईवरची ती खूण तशीच होती. तिनं तिच्यावरून हात फिरवला, किती तरी वेळ फिरवला, आणि अगदी हळू, लहान भावाशी बोलावं तसं बोलली.

"दौलत, थंडी वाजत व्हती तं मले आंधीच सांगाचं असतं रे. म्या दोघायले दोन बंड्या शिवल्या असत्या."

मी दातांखाली पदर धरला आणि तिथेच उभी राहिले.